बिंदू, बैल आणि बंद शटर

समकालीन चित्रकारांच्या प्रेरणा येतात कोठून आणि त्यांचे चित्र होते कसे?

मार्च २०२५ मध्ये न्यूयॉर्क येथील ‘क्रिस्टीज’च्या लिलावात मकबूल फिदा हुसेन यांचे ‘ग्रामयात्रा’ हे चित्र सुमारे ११८ कोटी रुपयांना विकले गेले. आधुनिक भारतीय चित्राला तोपर्यंत मिळालेली ती सर्वाधिक किंमत होती. साहजिकच बातम्यांच्या मथळ्यांत आकडा ठळक झाला. १९५४ साली रंगवलेल्या या चित्रात आहे तरी काय, हा प्रश्न मात्र त्या गदारोळात मागे पडला. चित्रात आहेत गावच्या जगण्याची तेरा दृश्ये. त्यांत धान्य दळणाऱ्या स्त्रिया आहेत, मुलांना सांभाळणारी आई आहे, बैलगाडी आहे, शेतकरी आहे. हे रंगवण्याच्या सहा वर्षे आधी, १९४८ मध्ये, पंढरपूरला जन्मलेला हा चित्रकार फ्रान्सिस न्यूटन सूझा यांच्यासमवेत दिल्लीला प्राचीन भारतीय कलेचे प्रदर्शन पाहण्यास गेला होता. मथुरेच्या शिल्पांतील देहाची डौलदार ठेवण आणि पहाडी लघुचित्रांतील रंग या दोहोंनी तो भारावून परतला. ‘ग्रामयात्रा’तील गाव डोळ्यांनी पाहिलेले आहे, पण ते कॅनव्हासवर कसे मांडायचे, हे त्याला त्या शिल्पांनी आणि लघुचित्रांनी शिकवले.

चित्रकाराच्या प्रेरणेविषयी सर्वसाधारण समज असा, की ती विजेसारखी चमकते आणि चित्रकार झपाटल्यागत कुंचला उचलतो. चित्रपटांनी आणि कादंबऱ्यांनी हा समज जोपासला आहे. प्रत्यक्षात आपल्याकडील महत्त्वाच्या चित्रकारांची वाटचाल पाहिली, तर निराळीच गोष्ट ध्यानात येते. कधीतरी पाहिलेली एखादी गोष्ट चित्रकाराच्या मनात रुतून बसते. तिला साजेसे रूप सापडेपर्यंत वर्षे, क्वचित दशके जातात. पाहणे आणि रूप सापडणे यांच्या दरम्यानचा हा काळ म्हणजेच चित्रकाराचे खरे काम होय. मुंबईच्या काळा घोडा परिसरातील जहांगीर कलादालनात १९५२ पासून सर्वसामान्य माणूस विनामूल्य शिरत आला आहे. तरीही आतल्या चित्रांसमोर ‘यातले आपल्याला काही कळत नाही’ असे म्हणत तो अवघडून उभा राहतो. त्याच्यापुढे दोनच गोष्टी ठेवल्या जातात: एक तर किंमत, नाहीतर समीक्षेची बोजड परिभाषा. चित्रकाराने काय पाहिले आणि त्याचे पुढे काय केले, हे सांगितले जात नाही. वास्तविक चित्रात शिरण्याचा तोच सर्वांत सोपा दरवाजा आहे.

भिंतीवरचा ठिपका

सय्यद हैदर रझा यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९२२ साली मध्य प्रदेशातील आजच्या मंडला जिल्ह्यात बाबरिया येथे त्यांचा जन्म झाला. वडील वन खात्यात रेंजर होते. भोवती घनदाट अरण्य, दिवसा त्याचे वैभव आणि रात्री त्याची भीती. काकैया येथील प्राथमिक शाळेत या मुलाचे लक्ष काही केल्या अभ्यासात लागेना. तेव्हा नंदलाल झारिया या गुरुजींनी भिंतीवर एक ठिपका काढला आणि त्याच्याकडे एकाग्रतेने पाहत बसण्यास त्याला सांगितले. रझांनी ही आठवण पुढे आयुष्यभर सांगितली.

तथापि, या ठिपक्याचा ‘बिंदू’ होण्यास जवळपास अर्धे शतक लागले. नागपूर आणि मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिक्षण, १९४७ मध्ये सूझा, हुसेन, आरा आदींसह ‘प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप’ची स्थापना, काश्मीरची निसर्गचित्रे असा त्यांचा प्रवास झाला. १९४८ मध्ये काश्मीरमध्ये विख्यात छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांची गाठ पडली. तुमच्या चित्रांत प्रतिभा आहे, परंतु रचनेची भक्कम बांधणी नाही. सेझानचा अभ्यास करा, असा परखड सल्ला त्यांनी दिला. रझांनी तो मनावर घेतला. १९५० मध्ये फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर ते पॅरिसला गेले आणि पुढची सहा दशके फ्रान्समध्येच राहिले. १९५६ मध्ये तेथील समीक्षकांचा मानाचा पुरस्कार त्यांना मिळाला. नाव झाले, चित्रे विकली जाऊ लागली. तरीही सत्तरच्या दशकात त्यांना आपल्या कामाविषयी असमाधान वाटू लागले. युरोपीय रंगलेपनात आपण पारंगत झालो खरे. पण यात आपले असे काय, हा प्रश्न त्यांना छळत होता. भारतात वरचेवर येऊन त्यांनी अजिंठा-वेरूळ, बनारस, राजस्थान, गुजरात पालथे घातले. या शोधातून १९८०च्या सुमारास त्यांच्या कॅनव्हासवर तो काळा, गोल, सर्व रंगांना पोटात घेणारा बिंदू स्थिरावला. काही चित्रांवर देवनागरी अक्षरांत हिंदी कवितेच्या ओळीही उतरल्या.

येथे एक बाब लक्षात घ्यावयास हवी. शाळेतील ठिपका हा बिंदूचा उगम असला, तरी तो कॅनव्हासवर तोलून धरणारी भौमितिक शिस्त पॅरिसमध्ये कमावलेली होती. म्हणजे मंडल्याची स्मृती आणि सेझानचा अभ्यास, यांपैकी एक जरी वजा केले तरी ते चित्र उभे राहत नाही. अर्थात, प्रेरणा सापडली की सारे साधले असेही नाही. रझांच्या उत्तरायुष्यात बिंदूची पुनरावृत्ती फार झाली, मागणीच्या ओघात तो ठरीव साचा बनला, अशी टीका झाली आणि ती सर्वस्वी अनाठायी नव्हती. २०१६ मध्ये दिल्लीत त्यांचे निधन झाले आणि त्यांच्या इच्छेनुसार मंडल्यातच, वडिलांच्या कबरीशेजारी त्यांचे दफन करण्यात आले.

खिडकीतून पाहिलेला मृत्यू

रझांच्या वाट्याला आलेली आठवण प्रसन्न होती. तय्यब मेहता यांच्या वाट्याला आली ती भीषण होती. १९२५ मध्ये गुजरातेतील कपडवंज येथे जन्मलेले तय्यब मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आसपासच्या दाट वस्तीत, दाऊदी बोहरा समाजात वाढले. १९४७ च्या दंगलीत, ऐन बाविशीत, महंमद अली रोडवरील घराच्या खिडकीतून त्यांनी एका माणसाला जमावाने ठेचून मारताना पाहिले. त्यानंतर ते तापाने फणफणले. ते दृश्य पुढे आपली पाठ सोडीना, असे त्यांनी मुलाखतींतून सांगितले आहे.

एखाद्याने या घटनेचे सरळ चित्र काढले असते. रस्ता, जमाव, रक्त. तय्यब यांनी ते केले नाही. त्यांनी त्या यातनेला दुसरे शरीर शोधले, ते बैलाचे. कत्तलखान्यात बैलाचे पाय बांधून त्याला आडवे पाडतात. एरवी एवढे ताकदवान जनावर त्या क्षणी मांसाच्या असहाय गोळ्यासारखे होते. १९५६ च्या ‘ट्रस्ड बुल’ या चित्रात हा जखडलेला बैल आला आणि पुढे आयुष्यभर परतून येत राहिला. १९७० मध्ये त्यांनी ‘कूडल’ हा लघुपट केला, त्यासाठीही वांद्र्याच्या कत्तलखान्यात चित्रण केले. चित्रपटांच्या संकलनाचे काम त्यांनी तरुणपणी केलेले होते. नको ते कापून टाकण्याची ती सवय त्यांच्या चित्रांतही दिसते.

तरीही रूप सापडले, असे त्यांना वाटत नव्हते. १९५९ ते १९६४ या काळात ते लंडनला राहिले. तेव्हाच्या चित्रांत रंगांचे जाड, खरबरीत थर आहेत. १९६८ मध्ये रॉकफेलर शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला गेले असता त्यांनी बार्नेट न्यूमन यांची प्रचंड, सपाट रंगांची चित्रे पाहिली. आक्रोश करायला रंगांचे थर चढवावे लागत नाहीत, सपाट रंगही तितकाच कठोर असू शकतो, हे त्यांना उमगले. परतल्यावर १९६९ मध्ये, काम काही केल्या पुढे सरकत नसताना, वैतागाच्या भरात त्यांनी समोरच्या कॅनव्हासवर एक तिरकी रेघ ओढली. त्या रेघेने चित्राचे दोन तुकडे झाले आणि मानवाकृतीही चिरली गेली. ‘डायगोनल’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या चित्रमालिकेचा जन्म हा असा झाला. रसिकांना ती रेघ फाळणीची आठवण करून देते, यात नवल नाही.

पुढे कोसळणारी माणसे आली, कोलकात्याच्या हातरिक्षा आल्या, १९८४-८५ मधील शांतिनिकेतनच्या वास्तव्यानंतर काली आणि महिषासुर आले. विषय बदलले तरी दोन शक्तींची झटापट आणि तिच्यात सापडलेला देह ही मूळ गोष्ट बदलली नाही. मनासारखे न उतरलेले कॅनव्हास ते नष्ट करून टाकत, त्यामुळे मागे राहिलेली चित्रे मोजकीच आहेत. २००५ मध्ये त्यांच्या ‘महिषासुर’ने दहा लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, तेव्हा भारतीय चित्रबाजारात एकच खळबळ उडाली. २०२५ मध्ये ‘ट्रस्ड बुल’ ६० कोटी रुपयांहून अधिक किमतीला गेले. ज्या चित्राच्या मुळाशी रस्त्यावरचा एक निनावी मृत्यू आहे, त्याची ही किंमत. त्या माणसाची आठवण ठेवायची असेल, तर आकड्यापेक्षा बैलाच्या बांधलेल्या पायांकडे अधिक वेळ पाहावे लागेल.

ठाण्याचा डॉक्टर

प्रेरणा नेहमीच अशा एखाद्या टोकाच्या प्रसंगातून येते असे मात्र नव्हे. रोजचे जाणे-येणेही चित्रकाराला पुरते. सुधीर पटवर्धन यांचा जन्म १९४९ चा, पुण्याचा. तेथील सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयातून ते १९७२ मध्ये पदवीधर झाले. त्यानंतर मुंबईत आले आणि १९७५ ते २००५ अशी तीस वर्षे त्यांनी ठाण्यात क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून व्यवसाय केला. दिवसा रुग्ण तपासायचे आणि उरलेल्या वेळात चित्रे काढायची, असा हा दुहेरी संसार होता.

त्यांच्या चित्रांत येतात ती माणसे त्यांनी रस्त्यावर, लोकलमध्ये, इराण्याच्या हॉटेलात पाहिलेली आहेत. ‘इराणी रेस्तराँ’ (१९७७), ‘ट्रेन’ (१९८०), ‘टाउन’ (१९८४) ही शीर्षकेच पुरेशी बोलकी आहेत. तरुणपणी मार्क्सवादी विचारांचा प्रभाव असल्याने कष्टकरी माणूस त्यांच्या चित्रांच्या केंद्रस्थानी आला. परंतु तो घोषणा देणारा, मूठ उगारणारा कामगार नाही. तो थकलेला, भरदार, आपल्याच तंद्रीत असलेला देह आहे. दिवसभर माणसाच्या शरीराची आतली बाजू पाहणाऱ्या डॉक्टरला बाहेरून दिसणाऱ्या शरीराचेही वजन कळते, असे या चित्रांकडे पाहताना वाटते. सेझानकडून घेतलेले घनतेचे भान त्याला जोडलेले आहेच.

नव्वदच्या दशकापासून माणसाइतकेच शहरही त्यांचा विषय झाले. ‘पोखरण’ (१९९१) या चित्रात ठाण्याच्या सीमेवर टेकडी आणि वस्ती एकमेकींना भिडलेल्या आहेत. ‘लोअर परळ’ (२००१) मध्ये गिरण्यांचा परिसर आहे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकामागून एक थंडावल्या आणि तेथे काचेच्या इमारती उठू लागल्या. तो बदल घडत असताना हा चित्रकार त्याच गर्दीतून रोज चालत होता. कित्येक मुंबईकरांनी जे नुसते ओलांडले, ते त्याने थांबून पाहिले, एवढाच काय तो फरक.

पण येथे एक अवघड प्रश्नही उपस्थित होतो. सुस्थित डॉक्टरने कष्टकऱ्याचे चित्र काढायचे, ते सुस्थित माणसाने विकत घ्यायचे आणि ज्याचे ते चित्र आहे त्याने ते कधी पाहायचेच नाही, हे कितपत न्याय्य? पटवर्धनांनी हा प्रश्न टाळला नाही. ज्यांच्यावरून चित्र सुचले त्यांनाही ते आपले वाटावे, ही आस त्यांच्या कामामागे सतत राहिली. २००८-०९ मध्ये ‘विस्तारणारी क्षितिजे’ हे समकालीन भारतीय चित्रकलेचे फिरते प्रदर्शन त्यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातील शहरांत गेले. मुंबई-दिल्लीच्या कलादालनांत न येणाऱ्या प्रेक्षकापर्यंत मूळ चित्रे नेण्याचा तो प्रयत्न होता. २०१९-२० मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या पाच दशकांच्या कामाचे सिंहावलोकन करणारे प्रदर्शन झाले, तेव्हा ठाणे-मुंबईच्या प्रेक्षकांना आपलेच शहर भिंतीवर पाहता आले.

साध्या वस्तूंचे गूढ

पटवर्धनांनी माणसे पाहिली. प्रभाकर बरवे यांनी वस्तू पाहिल्या. घड्याळ, किल्ली, पेनाचे निब, सेफ्टीपिन, झाडाचे पान अशा कोणाच्याही घरात वा अंगणात सापडणाऱ्या या गोष्टी. बरव्यांच्या कॅनव्हासवर त्या अशा अंतरावर, अशा शांततेत येतात, की त्यांचा रोजचा उपयोग गळून पडतो आणि केवळ आकार उरतो. घड्याळाकडे पाहून वेळ कळत नाही. वेळ म्हणजे काय, असा प्रश्न पडतो.

रायगड जिल्ह्यातील नागाव येथे १९३६ मध्ये जन्मलेले बरवे १९५९ मध्ये ज. जी. कलाशाळेतून बाहेर पडले आणि विणकर सेवा केंद्रात नोकरीस लागले. हातमागाच्या वस्त्रांना नवी संकल्पने मिळावीत म्हणून स्थापन झालेल्या या सरकारी केंद्रांनी त्या काळात अनेक चित्रकारांना आसरा दिला. नोकरीनिमित्त १९६१ ते १९६५ या काळात बरवे वाराणसीला होते. तेथे तांत्रिक चिन्हे आणि आकृत्या यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि साठच्या दशकातील त्यांच्या चित्रांत त्या उघडपणे आल्या. पुढे मात्र त्यांनी ती तयार चिन्हे बाजूला सारली. परंपरेने अर्थ बहाल केलेले चिन्ह वापरण्यापेक्षा साध्या वस्तूलाच चिन्हाचे बळ मिळवून देणे त्यांना अधिक मोलाचे वाटले. हा बदल एका रात्रीत झाला नाही. विद्यार्थिदशेपासून त्यांनी डायऱ्या लिहिल्या. त्यांत रेखाटने आहेत, शंका आहेत, स्वतःशी घातलेले वाद आहेत. याच चिंतनातून १९९० मध्ये ‘कोरा कॅनव्हास’ हे पुस्तक आले. चित्रकाराने आपल्या निर्मितिप्रक्रियेविषयी मराठीत इतक्या सूक्ष्मपणे लिहिल्याची उदाहरणे दुर्मीळच. १९९५ मध्ये वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

मातीतून कागदावर

ज्या विणकर सेवा केंद्राने बरव्यांना वाराणसीला नेले, त्याच संस्थेशी संबंधित भास्कर कुलकर्णी यांनी सत्तरच्या दशकाच्या आरंभी डहाणूच्या वारली पाड्यांवर कागद आणि रंग नेले. त्यापूर्वी बिहारमध्ये दुष्काळ पडला असताना मधुबनीच्या स्त्रियांना भिंतीवरची चित्रे कागदावर काढण्यास उद्युक्त करण्याचे काम त्यांनी केले होते. वारली समाजात लग्नाचा चौक लिहिण्याचा मान सवाशिणींचा. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने, बांबूच्या काडीने चौक काढायचा आणि त्यात पालघाट देवीची प्रतिष्ठापना करायची. तिच्याशिवाय लग्न लागत नाही.

या स्त्रियांच्या कलेत एक पुरुष रमला, ही त्या काळी वेगळी घटना होती. जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म १९३४ चा. लहानपणीच आई गेली आणि त्या धक्क्याने मुलाची वाचा बसली. पुढची काही वर्षे तो धुळीत आकृत्या काढूनच आपले म्हणणे सांगत असे. वाचा परतली तरी चित्र सुटले नाही. कागद हाती येताच म्हसे यांनी लग्नाच्या चौकाबाहेरचे सारे जग रंगवायला घेतले. मासे पकडण्याचे अवाढव्य जाळे, मुंग्यांचे वारूळ, भातकापणी, आगगाडी असे विषय त्यांच्या चित्रांत आले. १९७५ मध्ये मुंबईत त्यांचे प्रदर्शन भरले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

आज वारली आकृत्या पडद्यांवर, कपबशांवर, भेटकार्डांवर सर्रास दिसतात. त्यातून काही हातांना काम मिळते, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु नाचणाऱ्या माणसांची तीच ती साखळी पाहताना म्हसे यांच्या जाळ्यातील हजारो बारीक ठिपके आणि रेघा आठवल्या, की फरक कळतो. एकीकडे नमुना आहे, दुसरीकडे समुद्राकाठच्या मुलुखातील माणसाने मनापासून पाहिलेले जाळे आहे. नमुना उचलता येतो; पाहणे उचलता येत नाही.

शहराने दिलेल्या जखमा

पाहण्यासारखे काही केवळ गावाकडे वा आठवणीतच असते, असे मात्र नाही. नव्वदचे दशक उजाडले तसे मुंबईनेच आपल्या चित्रकारांना नवे विषय दिले, त्यांतले अनेक वेदनेचे होते. १९४६ मध्ये कराचीत जन्मलेल्या नलिनी मलानी फाळणीनंतर कुटुंबासह निर्वासित म्हणून भारतात आल्या आणि आधी कोलकात्यात, मग मुंबईत वाढल्या. घर सुटण्याची आठवण त्यांना घरच्यांच्या बोलण्यातून मिळाली. १९९२ मध्ये मुंबईच्या ‘शेमोल्ड’ कलादालनात त्यांनी थेट भिंतींवर चित्रे काढली आणि प्रदर्शन संपताच ती पुसून टाकली. नाथद्वाराच्या जुन्या भित्तिचित्रांची होणारी हेळसांड पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. जपायचे म्हणून काढलेले चित्र स्वतःच्या हाताने नष्ट करून त्यांनी नष्ट होणे म्हणजे काय, हे प्रेक्षकांना प्रत्यक्ष दाखवले. काचेच्या वा पारदर्शक पत्र्याच्या उलट बाजूने रंगवण्याचे तंत्र त्या भूपेन खख्खर यांच्याकडून शिकल्या. जुन्या बाजारपेठेतील या तंत्राला त्यांनी पुढे सावल्या आणि चलत्-चित्रांची जोड दिली.

घाटकोपरला वाढलेले अतुल दोडिया यांनी शहरातील अशीच एक सर्वपरिचित वस्तू उचलली, ती म्हणजे दुकानाचे गुंडाळते शटर. मुंबईकर त्याच्याकडे पाहतो तो ते उघडे आहे की बंद, एवढेच कळण्यापुरते. मात्र दंगलीच्या वा बंदच्या दिवशी शटर खाली ओढल्याचा खडखडाट हीच धोक्याची पहिली सूचना असते. २००० नंतरच्या कामांत दोडिया यांनी शटरच्या पत्र्यावर एक चित्र काढले आणि शटर वर केल्यावर आत दुसरे. ‘महालक्ष्मी’ या कामात बाहेर ऐश्वर्याची देवता आहे. शटर उचलले की आत गळफास घेतलेल्या तीन बहिणी दिसतात. हुंड्याच्या विवंचनेने कानपूरमध्ये घडलेल्या एका खऱ्या घटनेच्या छायाचित्रावरून ते आले आहे. शटर उचलण्याची क्रिया प्रेक्षकाच्या नित्याच्या परिचयाची, म्हणूनच आतले दृश्य त्याला अधिक हादरवते.

न सांगण्याचा हक्क

इतके वाचल्यावर वाटेल, की प्रत्येक चित्रामागची गोष्ट कळली म्हणजे चित्र कळले. वासुदेव गायतोंडे यांनी या समजुतीला ठाम नकार दिला. १९२४ मध्ये नागपूर येथे गोमंतकीय कुटुंबात जन्मलेले आणि गिरगावच्या चाळीत वाढलेले गायतोंडे आपल्या चित्रांना शीर्षकही देत नसत. आपली चित्रे अमूर्त नव्हेत, ती वस्तुनिरपेक्ष आहेत, असा त्यांचा आग्रह होता. म्हणजे एखाद्या दृश्य वस्तूपासून सुरुवात करून ती पुसट केलेली नाही. मुळात वस्तूच नाही. त्यांच्या साठच्या दशकातील चित्रांत अनेकांना समुद्र आणि क्षितिज दिसते. ज्या भुलाभाई देसाई संस्थेत ते काम करीत, ती समुद्राकाठीच होती. परंतु स्वतः गायतोंडे यांनी असे दुवे जोडू दिले नाहीत.

मग त्यांची प्रेरणा कोणती? पॉल क्ले या चित्रकाराचा अभ्यास, झेन विचारांचे वाचन, संगीत आणि दीर्घ मौन. रंग रोलरने पसरायचा, सुरीने खरवडायचा, कागदाचे कपटे दाबून उचलायचे आणि मग थांबायचे. या थांबण्याला ते फार महत्त्व देत. वर्षाकाठी जेमतेम काही चित्रे पुरी होत. १९७२ पासून ते दिल्लीत जवळपास एकांतात राहिले आणि २००१ मध्ये निवर्तले. २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या गुगेनहाइम संग्रहालयाने त्यांचे प्रदर्शन भरवले. त्यांच्या चित्रापुढे ‘हे कशाचे आहे’ हा प्रश्नच लागू पडत नाही. तेथे उभे राहून रंग हळूहळू उलगडेपर्यंत वाट पाहावी लागते. चित्रकाराने घेतलेल्या वेळातला थोडासा वेळ प्रेक्षकानेही द्यायचा, इतकीच त्यांची अट आहे.

तीच अट इतरांच्या चित्रांनाही लागू होते. रझांना ठिपक्यापासून बिंदूपर्यंत पोहोचण्यास पन्नास वर्षे लागली. पटवर्धन तीस वर्षे ठाण्याच्या रस्त्यांवरून दवाखान्यात ये-जा करीत होते. तय्यब यांना खिडकीतले दृश्य दोन दशके पुरून उरले. अशा चित्रासमोरून प्रेक्षक काही सेकंदांत पुढे सरकत असेल, तर ‘कळत नाही’ या तक्रारीत चित्रकाराचा दोष किती आणि घाईचा किती, याचा विचार व्हावयास हवा. प्रेरणेची गोष्ट ठाऊक असणे हे चित्राचे उत्तर नव्हे. ते चित्रासमोर थांबण्याचे निमित्त आहे. आणि कलादालनात थांबण्याची सवय लागलेला माणूस बाहेर आल्यावर दुकानाच्या शटरकडे, लोकलमधील शेजारच्या थकलेल्या चेहऱ्याकडे, टेबलावरच्या किल्लीकडेही निराळ्या नजरेने पाहू लागतो. चित्रकारांनी त्यांच्या प्रेरणा उचलल्या त्या याच जगातून. ते अजूनही समोरच आहे आणि ते पाहण्यास तिकीट लागत नाही.